भाऊजींच्या गोळ्या आणि गावाचा ठराव

"ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. ग्रामपंचायत सदस्य आहे. माझे दीर चाकणला कंपनीत कंत्राटावर कामाला आहेत. पोळ्याला घरी आले, तेव्हा कपडे धुवायला काढताना मला त्यांच्या बॅगेत गोळ्यांची बाटली सापडली. विचारलं तर रडायलाच लागले. पुण्यात तपासणी केली होती, एचआयव्ही निघाला, वर्षाच्या वर झालं गोळ्या चालू आहेत. हे फक्त मला आणि माझ्या मालकांना माहीत आहे. सासऱ्यांनी शेजारच्या तालुक्यातली मुलगी पाहून ठेवली आहे. दिवाळी झाली की साक्षगंध करू म्हणतात. आमचे हे म्हणतात, डॉक्टरच सांगतात की गोळ्या नीट घेतल्या तर दुसऱ्याला लागत नाही, मग सांगायची गरजच काय?

इकडे गावात वेगळंच चाललं आहे. वेशीजवळ एक बाई राहते. तिचा नवरा ट्रकवर होता, तो याच आजारानं गेला. ती शाळेत खिचडी शिजवायची. बातमी फुटली, पालकांनी ओरड केली आणि तिला 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले. पोरं मोबाइलवर पुण्या-मुंबईचे वाद वाचतात अन् पारावर बोलतात, 'ज्यानं केलं त्यानंच भोगावं, सरकारनं कायले फुकट गोळ्या द्याव्या?' आता 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. बाहेरगावी कामाला जाणाऱ्यानं परत आल्यावर एचआयव्ही तपासणीचा कागद ग्रामपंचायतीत जमा करायचा, आणि लग्नाआधी तपासणी सक्तीची. मी हात वर करू का? विरोध केला तर म्हणतील, तुले काय पडलं? त्या मुलीला मी सांगू का? आणि माझी दोन लेकरं काकाच्या ताटात जेवतात, त्याचीही भीती वाटते. – एक वहिनी"

ताई,

लेकरांना काकाच्या ताटात जेवू द्या. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ही भीती मनात टोचत राहिली तर पुढचं काही नीट पोचणार नाही. उष्टं खाल्ल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, एकाच संडासात गेल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं, डास चावल्यानं, लेकराचा पापा घेतल्यानं एचआयव्ही लागत नाही. तो निरोधशिवाय आलेल्या शरीरसंबंधातून लागतो, बाधित रक्तातून आणि दुसऱ्यानं वापरलेल्या सुईतून लागतो, आणि आईवर उपचार नसतील तर पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला लागतो. तुमच्या घरातल्या ताटवाटीतून त्याला वाट नाही. दाढीचं ब्लेड प्रत्येकानं आपापलं वापरावं, पण ते तर घरात कुणाला काहीच नसलं तरी पाळायचं असतं.

आता दिराबद्दल. तुमच्या गावातली पोरं ज्या जबाबदारीच्या गप्पा मारतात ना, त्यातला सगळ्यात अवघड भाग या मुलानं कुणी न सांगता केला आहे. परक्या शहरात, खोलीत सहा-सात जणांबरोबर राहत असताना तो एकटा तपासणीला गेला. रिपोर्ट ऐकून पळाला नाही. एचआयव्हीच्या गोळ्या फुकट देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात नाव घातलं आणि वर्षभर गोळी चुकवली नाही. मी सरकारी दवाखान्यात समुपदेशनाचं काम करत होते तेव्हा शिकलेली, नोकरीवाली माणसंसुद्धा रिपोर्ट घ्यायला न येता गायब होताना पाहिली आहेत. म्हणून त्याला आधी एवढंच सांगा, की तू तपासून घेतलंस हे चांगलं केलंस. हे वाक्य त्याला घरातून अजून कुणी म्हटलं नसणार.

त्याला कसा लागला, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारूही नका. कुठून आला हे कळलं तरी उपचार बदलत नाही. गोळी तीच राहते. त्याला सांगावंसं वाटलं तर ऐका, आणि ऐकताना चेहरा सांभाळा. कदाचित तो एखाद्या बाईबद्दल सांगेल, कदाचित एखाद्या पुरुषाबद्दल. गावात जे कुणाला दाखवता आलं नाही ते शहरात गेल्यावर जगता येतं, अशी बरीच मुलं असतात. दोन सज्ञान पुरुषांचे राजीखुशीचे संबंध हा आपल्या देशात सप्टेंबर 2018 पासून गुन्हा राहिलेला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सासऱ्यांनी मुलगी पाहिली, दिवाळी ठरवली, पण त्या मुलाला लग्न करायचं आहे की नाही हे कुणी विचारलं असल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. सुरुवात तिथून करा.

आता तुमच्या मालकांचं म्हणणं. त्यातलं अर्धं अगदी खरं आहे, आणि ते खरं आहे हे सगळ्या गावाला कळायला हवं. रोजची गोळी न चुकवता घेतली आणि रक्तातला विषाणू मोजमापात येणार नाही इतका खाली राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही लागत नाही. एक बाधित आणि एक नसलेला, अशा शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून हे सिद्ध झालं आहे. आपल्याकडे हे मोजायची व्हायरल लोडची तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट होते. गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षानं, आणि पुढे दरवर्षी. तुमच्या दिराची ती तपासणी झाली का, शेवटचा आकडा काय होता, हे त्याला नक्की विचारा. 'गोळ्या चालू आहेत' आणि 'विषाणू मोजमापात येत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि तुमचे मालक पहिल्या वाक्याच्या जिवावर दुसऱ्याची खात्री देत आहेत.

उरलेल्या अर्ध्यात एक मुलगी आहे. ती तुमच्या घरात नांदायला येणार आहे आणि तिला तुमच्याच घरात, तुमच्यासारखीच, एक दिवस ती बाटली सापडणार आहे. रोज एक गोळी, जन्मभर. बायकोपासून हे कोण किती दिवस लपवील? लपवायचं म्हणून तो गोळी पत्र्याच्या डब्यात ठेवील, पाहुणे असले की चुकवील, तारखेला केंद्रावर जायला बहाणा सापडला नाही की महिना मोकळा जाईल. गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि त्या दिवसांत तिला निरोध वापरायचं कारणही ठाऊक नसेल. म्हणजे ज्या गोळीच्या भरवशावर तुमचे मालक गप्प राहायला सांगतात, ती गोळीच या गप्प राहण्यानं धोक्यात येते.

माझ्यासमोर एकदा एक गरोदर मुलगी बसली होती. पोटातल्या बाळासाठीची नेहमीची तपासणी झाली, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग तिच्या नवऱ्याला बोलावलं, तेव्हा कळलं की त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. गोळ्या नीट चालू होत्या, तिला काही झालं नव्हतं, बाळालाही झालं नाही. तरी ती माहेरी निघून गेली. ती मला म्हणाली, "मले इचारलं असतं त मी कदाचित हो म्हटलं असतं." त्यानंतर लग्न लपवून करायचा विचार घेऊन जो कोणी आला, त्याला मी हे सांगत आले आहे.

एचआयव्ही असलेल्यानं लग्न करू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1998 साली एका प्रकरणात अशा व्यक्तीच्या लग्नाच्या हक्काविरुद्ध मत नोंदवलं होतं. 2002 साली त्याच न्यायालयानं ते मत त्या निकालाला गरजेचं नव्हतं, असं स्पष्ट केलं. म्हणजे लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. आपल्या राज्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावे भरतात. उपचारावर असलेल्या जोडप्यांना एचआयव्ही नसलेली, ठणठणीत मुलं होतात. अट एकच, समोरच्या व्यक्तीनं सगळं माहीत असताना होकार दिलेला असावा. लपवून केलेलं लग्न फसवणुकीच्या कारणावरून कोर्टात रद्द होऊ शकतं, हेही तुमच्या मालकांच्या कानावर घाला. जी अब्रू ते वाचवू पाहतात, ती मग तालुक्याच्या कोर्टात जाईल.

तर तुम्ही काय करायचं? मुलीच्या घरी परस्पर निरोप धाडू नका. कुणाच्या घरी काय सांगायचं, हे ठरवायचा हक्क ज्याचा आजार आहे त्याचा आहे. विश्वासानं कळलेली ही गोष्ट त्याच्या संमतीशिवाय फोडणं 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यात बसत नाही. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. पण गप्पही राहू नका. या आठवड्यात तुम्ही, तुमचे मालक आणि दीर, तिघं बसा. फोनवर बसावं लागलं तरी चालेल. दिरासमोर दोन रस्ते ठेवा. एक, त्यानं वडलांना सांगायचं की मला आत्ता लग्न करायचं नाही. कारण द्यायची गरज नाही, 'कंत्राट पक्कं होऊ दे' एवढं पुरे. दुसरा, साक्षगंधाच्या आधी त्यानं स्वतः त्या मुलीशी बोलायचं, आणि ते समुपदेशकासमोर बोलणं सगळ्यात चांगलं. पुण्यातलं त्याचं केंद्र हे करून देईल, नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातले लोक करतील.

तिसरा रस्ता, म्हणजे न सांगता मांडवात उभं राहायचं, त्याला तुमची साथ नाही हे दोघांनाही स्वच्छ सांगा. अक्षता टाकायला मी येणार नाही, म्हणा. थोरल्या सुनेच्या तोंडून हे वाक्य निघालं तर घर हलतं, आणि इथे ते हलायलाच हवं. एवढ्यानंही भागलं नाही, तर त्याच्या केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा. जोडीदाराला खरा धोका आहे, समजावूनही माणूस सांगत नाही, अशी खात्री पटली, तर त्याला तशी कल्पना देऊन जोडीदाराला समोर बसवून सांगायची मुभा कायद्यानं त्यांना दिली आहे. ती तुम्हाआम्हाला नाही, त्यांनाच आहे, आणि ते बरंच आहे.

ग्रामसभेत हात वर करू नका.

का, ते सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला तिथे उभं राहून बोलावं लागेल. ठराव आणणारी माणसं वाईट आहेत असं मला वाटत नाही. घाबरलेली आहेत. त्यांना वाटतं, कागद आला की गाव वाचलं. पण तो कागद काय सांगतो बघा. विषाणू अंगात शिरल्यावर तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. म्हणून धोका झाल्यावर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. एखादा पोरगा सुरतेहून आला, दुसऱ्या दिवशी तपासणी केली, कागद स्वच्छ आला, ग्रामपंचायतीत जमा झाला. गाव निश्चिंत, तो निश्चिंत, त्याची बायकोही निश्चिंत. विषाणू मात्र जागच्या जागी. तीच गत लग्नाआधीच्या सक्तीच्या कागदाची. शिवाय लग्नानंतर माणूस पुन्हा कामाला जातोच. कागदावर तारीख एका दिवसाची असते, संसार पुढे वर्षानुवर्षं चालतो.

आणि तो कागद ठेवणार कुठे? ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, ज्याची किल्ली कुणाकडे असते हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ज्याला थोडीही शंका आहे तो पोरगा असा कागद आणण्यापेक्षा दिवाळीला घरीच येणार नाही, किंवा पैसे देऊन खोटा आणेल. जो घाबरून तपासणीपासून लांब पळतो, त्याला स्वतःचं काहीच माहीत नसतं, गोळ्या चालू नसतात, आणि लागण त्याच्याकडून पुढे जाते. तुमच्या दिरासारख्या, तपासून गोळ्या घेणाऱ्या माणसाकडून नाही. ठराव पकडणार मात्र तुमच्या दिरालाच.

सक्तीचा प्रयोग या देशात करून झाला आहे. गोव्यात सरकारनं एचआयव्ही निघालेल्या माणसाला कोंडून ठेवण्याची सोय कायद्यात केली होती. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नेमानं रक्तदान करायचा. त्या रक्तात विषाणू सापडला आणि 1989 साली पोलिसांनी त्याला उचलून एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याला 64 दिवस ठेवलं. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. सुटल्यावर त्यानं लोकांसाठी संस्था काढली आणि 1992 साली तो वारला. स्वतःहून रक्त द्यायला जाणारा, म्हणजे गावातला सगळ्यात जबाबदार माणूस, कुलपात गेला. बाकीच्यांनी त्यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

2017 चा कायदा याच्या बरोबर उलट उभा आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला कामावरून, शाळेतून, दवाखान्यातून, भाड्याच्या घरातून काढता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे ग्रामसेवकाला आधीच भेटून दाखवा. बेकायदा ठराव इतिवृत्तात लिहायची त्यालाच धास्ती वाटेल.

आता पारावरचा तो प्रश्न, ज्यानं केलं त्यानंच भोगावं. शहरातही हा वाद याच शब्दांत चालतो, फक्त भाषा जरा गुळगुळीत असते. तिथे म्हणतात, माहिती सगळ्यांकडे आहे, निरोध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो, आता तर लागण होण्याआधी घ्यायची 'प्रेप' नावाची गोळीही आली आहे, मग ज्यानं काळजी घेतली नाही त्याचा भार करदात्यानं का उचलावा? दुसरे म्हणतात, गोळ्या आणि निरोध वाटले की लोक बेफिकीर होतात. ऐकायला पटतं, म्हणूनच तुमच्या पोरांना ते पटलं. माणसानं स्वतःची आणि जोडीदाराची काळजी घ्यावी, यात वाद नाही. मी वर दिराच्या लग्नाबद्दल जे लिहिलं ते सगळं तेच आहे.

पण लागण प्रत्यक्षात कशी कमी झाली ते पाहा. आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा आढळला 1986 साली, चेन्नईत. सुरुवातीला भिंतींवर कवट्या रंगवल्या, नीतीचे धडे दिले, आणि आजार पसरत राहिला. तो वळला तो वेगळ्या कामानं. सांगलीत 'संग्राम' संस्थेनं 1992 पासून धंद्यातल्या बायकांनाच पुढे केलं. त्यांनी एकमेकींना निरोध वाटले आणि निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं एकत्र ठरवलं. एकटी बाई नाही म्हणाली तर तो शेजारच्या दारात जातो. सगळ्याच नाही म्हणाल्या तर त्याला ऐकावं लागतं. मुंबईत 'हमसफर'सारख्या संस्थांनी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये नव्वदच्या दशकात असंच काम उभं केलं. रक्तपेढ्यांत प्रत्येक पिशवीची तपासणी आली, पैसे घेऊन रक्त देणं 1998 पासून बंद झालं, गरोदर बायांची तपासणी गावोगाव सुरू झाली, 2004 च्या 1 एप्रिलपासून फुकट गोळ्या आल्या. 2010 च्या तुलनेत आज देशात नव्या लागणी 40 टक्क्यांहून अधिक घटल्या आहेत. यातल्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी जबाबदारीनं वागलं, पण तसं वागता येईल अशी जागा आधी कुणीतरी करून दिली होती.

तुमच्या लोकांना हे कपाशीवरून चटकन कळेल. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडचं पीक नेलं, तेव्हा कृषी खात्यानं सांगितलं की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर आणखी पीक, घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर उपटा. ती प्रत्येक शेतकऱ्याची जबाबदारी होतीच. पण एकट्यानं रान स्वच्छ केलं आणि बाकी शिवार तसंच राहिलं तर त्याचं पीक वाचलं का? आणि ज्याचं पीक गेलं त्याला 'तूच फरदड घेतली, भोग आता' असं म्हणून गावानं नुकसानभरपाईच्या यादीतून काढलं का? सगळ्यांनी मिळून मोर्चे काढले. तो न्याय पिकाला लावता येतो, तर घरच्या लेकराला लावायला काय हरकत आहे?

फुकट गोळ्यांचा हिशोबही सभेत मांडा. 2000 च्या आसपास या औषधांना एका माणसामागे वर्षाला 10 ते 15 हजार डॉलर लागत. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीच औषधं 350 डॉलरला देऊ केली आणि जगभरचे भाव कोसळले. आपल्या सरकारला लाखो लोकांना गोळ्या देणं परवडतं ते त्यामुळे. क्षयाच्या गोळ्याही सरकार फुकटच देतं, त्यावर कुणी बोलत नाही, कारण खोकणारा बरा झाला तर शेजारी वाचतो हे सगळ्यांना दिसतं. इथेही तेच होतं. गोळी एकजण घेतो, तिच्यामुळे वाचतात त्याची बायको, त्याचं बाळ आणि पुढची माणसं.

'तुले काय पडलं' असं कुणी विचारलं तर दिराचं नाव चुकूनही काढू नका, डोळ्यांतही पाणी येऊ देऊ नका. म्हणा, मी सदस्य आहे, हा ठराव कायद्याविरुद्ध आहे आणि माझ्या गावाचं नाव कोर्टात जावं असं मला वाटत नाही. पुरे. आणि नुसता विरोध करून खाली बसू नका, दुसरा ठराव लिहूनच न्या. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्राला गावात माहितीचं आणि ऐच्छिक तपासणीचं शिबिर घ्यायला सांगावं. ते दिवाळीत घ्यावं, म्हणजे बाहेरची पोरं गावात असतात. शिबिरात बीपी, साखर, क्षय आणि एचआयव्ही सगळंच तपासावं, म्हणजे रांगेत उभ्या माणसाकडे कुणी बोट दाखवणार नाही. रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळावा. उपकेंद्राबाहेर निरोधची पेटी लावावी, अशा कोपऱ्यावर जिथून पोरांना कुणाला न विचारता घेता येईल. आणि 1097 हा फुकट मदतीचा नंबर शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवावा. हे चार मुद्दे आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, आधी दाखवा, ती तुमच्या बाजूनं उभी राहील. शहरातून परतणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांचं दुखणं तिच्या कानावर सगळ्यात आधी पडतं.

सभा गांधीजयंतीला आहे, फोटोला हार घातला जाईल. मग यवतमाळपासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामची एक गोष्ट सांगाच. 1939 च्या सुमारास परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित महारोग घेऊन आश्रमात आले. लोक घाबरले होते, भीती खरी होती, तेव्हा त्या रोगावर चांगलं औषधही नव्हतं. गांधींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातानं त्यांना मालिश केली. आज आपल्याकडे औषध आहे, आजार शिवण्यानं लागत नाही हे माहीत आहे, आणि आपण खिचडी शिजवणाऱ्या बाईला घरी बसवतो.

त्या बाईबद्दल मला खूप वाईट वाटलं. पारावरच्या पोरांना विचारा, तिनं काय केलं? नवऱ्याबरोबर संसार केला, एवढंच. आपल्या देशात लागण झालेल्या बहुतेक बायांना ती स्वतःच्या नवऱ्याकडूनच झाली आहे. आणि तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात ती बाधित असल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. नवरा गेला, एवढ्यावरच गावानं ठरवून टाकलं. ती असली बाधित तरी शिजवण्यातून पोरांना काही होत नाही, आणि त्या कारणानं काम काढून घेणं हा कायद्यानं भेदभाव आहे. अशा तक्रारींसाठी प्रत्येक राज्यानं लोकपाल नेमावा, असं कायद्यात आहे. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला एवढं लेखी कळवलं तरी पुष्कळदा काम होतं, कारण कागदावर सही करून भेदभाव करायला कुणीच तयार नसतं.

पण हे सभेत मांडायच्या आधी तिच्या घरी जा. संध्याकाळी, एकट्या, चहाला म्हणून. तिची आणि तिच्या लेकरांची तपासणी झाली आहे का, झाली असेल तर गोळ्या मिळतात का, ते हळू विचारा. झाली नसेल तर आशाताईबरोबर तिला केंद्रावर पाठवायची सोय करा. तिला तेच काम परत हवं आहे, की आता त्या पालकांसमोर उभं राहायची तिची इच्छा उरलेली नाही, हे तिलाच ठरवू द्या. विधवा म्हणून आणि आजार असेल तर त्यासाठीही संजय गांधी निराधार योजनेत तिचा अर्ज बसू शकतो. तो कुणी भरून दिला नसेल तर तुम्ही भरा, सदस्याच्या सहीनं तलाठ्याकडचे कागद लवकर निघतात. तिनं हो म्हटलं तरच तिचा विषय सभेत काढा, आणि नाही म्हटलं तर मुख्याध्यापकांशी बंद दाराआड बोला.